पत्रकाराने युनियनचं सरचिटणीसपद घ्यावं का? करियरचं काय होतं?

रात्रपाळीवाला

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे, वय ३६, अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची आठ करारावर, म्हणजे दर वर्षी मार्चमध्ये एचआरचा मेल येतो, सही करायची की पुढचं वर्ष चालू. आमच्याकडे कर्मचारी युनियन आहे, म्हणजे कागदावर आहे. एकूण ४३ माणसं, त्यात संपादकीयचे १४, बाकी मशीन, डिस्पॅच, जाहिरात, पेजिनेशन (म्हणजे संगणकावर पानं लावणारे). आमचे सरचिटणीस मशीन खात्यातले, मागच्या महिन्यात रिटायर झाले आणि जाताना सगळ्यांसमोर म्हणाले की आता हे पोरगं बघेल. पोरगं म्हणजे मी. का तर एकदा ओव्हरटाइमच्या पत्राचं शुद्धलेखन तपासून दिलं होतं, एवढाच माझा कामगार चळवळीचा अनुभव.

बायको म्हणते डोकं फिरलंय का, घराचा हप्ता चालू आहे. वृत्तसंपादक म्हणाले "तुझं भवितव्य चांगलं आहे, यात पडू नकोस", आता हा सल्ला होता की धमकी ते मला अजून कळलेलं नाही.

तर प्रश्न असा की पत्रकार राहून युनियनचं काम केलेलं कोणी इथे आहे का? लिखाणाचं काय होतं? आणि करारावरचा माणूस पदाधिकारी होऊ शकतो का? फुकटचे सल्ले पण चालतील, तसेही सगळे फुकटच आहेत.

पान_तीन

मी केलंय. चार वर्षं सहचिटणीस. आता एका बिल्डरच्या पीआरमध्ये आहे, यावरून काय ते समज.

सविस्तर लिहायचा मूड नाही पण एक सांगतो, तुला कोणी काढणार नाही. काढलं की केस होते. तुला सगळ्यात कंटाळवाणं काम देतात. मला महापालिकेच्या बीटवरून उचलून पुरवण्यांवर टाकलं, दिवाळीत फराळ आणि श्रावणात उपवासाचे पदार्थ. दोन वर्षं साबुदाण्यावर लिहिलं मी. एक दिवस स्वतःच राजीनामा दिला, त्यांना तेच पाहिजे होतं. आणि ज्यांच्यासाठी भांडलो त्यातले निम्मे निरोपाच्या चहाला आले नाहीत कारण मॅनेजर बघतोय.

नको पडूस. हप्ता महत्त्वाचा.

जुना_खिळा

पान_तीन, तुमचं खोटं नाही, पण अर्धंच आहे. रात्रपाळीवाला, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस. माझं वय ७१ आहे, टाइप करायला वेळ लागतो, तुला वाचायला लागला तर काय बिघडलं.

मी १९७८ साली विदर्भातल्या एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागलो, पुढे उपसंपादक झालो. खिळ्यांचा जमाना, म्हणजे शिशाची अक्षरं हाताने जुळवून पान करायचं. जुळाऱ्यांचे हात शिशाने काळे, फोरमनला पान उलटं वाचता यायचं आणि आमच्यापेक्षा जास्त चुका तोच काढायचा. १९८० ला पालेकर अ‍ॅवॉर्ड आलं (पेपरवाल्यांचे पगार ठरवून देणारा निवाडा) आणि आमच्याकडे ते लागू करायचं सोडून हिशेब सुरू झाला की आपण कुठल्या वर्गात बसतो. वर्ग उत्पन्नावर ठरायचा, वर्ग खाली गेला की पगार खाली. मग अंगणात चार मशीन दिसत असताना कागदावर मात्र पेपर गरीब.

मी १९८२ मध्ये निवडून आलो. त्याच जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झालेला, त्यामुळे युनियन हा शब्द ऐकला की मालक लोक खुर्चीत सावरून बसायचे. पहिली मीटिंग रात्री अडीचला, शहर आवृत्ती सुटल्यावर, कागदाच्या गोडाउनमध्ये. आम्ही संपादकीयचे पाच जण रिळांवर बसलो, जुळारी आणि मशीनवाले उभेच राहिले. किटलीतला चहा आधी आमच्याकडे आला. तेव्हा एक बाइंडर, वयाने वडलांएवढा, म्हणाला, "साहेब, तुम्ही आमच्यात कशाला? तुमचं नाव छापून येतं." मला उत्तर सुचलं नाही. मी उठून उभा राहिलो एवढंच. मग बाकीचे चार पण उठले आणि ती मीटिंग सगळ्यांनी उभ्याने केली, पाय दुखले चांगलेच.

आता तुझा प्रश्न, लिखाणाचं काय होतं. माझं नाव चार वर्षं छापून आलं नाही. मला दिलं बाजारभाव, हवामान आणि निधनवार्ता. शिक्षाच होती ती. पण एकदा तुरीच्या भावात एक शून्य चुकलं तर सकाळी सातपासून फोन, बाजार समितीतून, खेड्यातून, एक जण सायकलवर ऑफिसात आला भांडायला. तेव्हा कळलं की पेपरात सगळ्यात जास्त काय वाचतात ते. अग्रलेखासाठी सायकलवर कोणी आल्याचं मला आठवत नाही.

आणि युनियनचं काम म्हणजे भाषण नव्हे, ते नव्वद टक्के बातमीदारीच आहे. कागद मिळवायचा, तारखा लावायच्या, दोन माणसांकडून खात्री करायची. आमचा वर्ग चुकीचा लावलाय हे मी सिद्ध केलं ते आमच्याच पेपरात छापून आलेल्या वर्धापनदिनाच्या पुरवणीवरून. मालकांनी स्वतःच मोठेपणाने लिहिलं होतं खप किती आणि उत्पन्न किती वाढलं ते. ती पुरवणी मीच तपासली होती, प्रूफ सकट घरी ठेवली होती. कामगार अधिकाऱ्यापुढे ठेवली तेव्हा मॅनेजर म्हणाले जाहिरातीत थोडं वाढवून लिहितात. अधिकारी हसला. पुढे वर्षभराने सेटलमेंट झाली, फरक तीन हप्त्यात मिळाला.

आता जे कोणाला सांगत नाही ते सांगतो. १९८६ ला फोटोकंपोझिंग आलं. खिळे गेले, ब्रोमाइड (फोटोच्या कागदावर उमटलेला मजकूर) आणि त्याचं पेस्टिंग आलं. सतरा जुळाऱ्यांना व्हीआरएसची पत्रं. मी तेव्हा सरचिटणीस होतो आणि संपादकीयच्या लोकांचं म्हणणं पडलं की तंत्रज्ञान कोणाला थांबवता येतं, आपण आपला पगार बघू. मी त्यांना पुन्हा प्रशिक्षण द्या असं एक पत्र दिलं, एकच पत्र, पाठपुरावा केला नाही. सतरातल्या दोघांना कीबोर्डवर घेतलं, पंधरा गेले. तो फोरमन पुढे बसस्टँडजवळ लग्नपत्रिकांचं छोटं दुकान टाकून बसला. मी तिकडून जायचो नाही, लांबून वळसा घालायचो.

तर तुझ्या ४३ पैकी १४ संपादकीयचे म्हणालास. बाकीचे २९ कोण आहेत, नावं पाठ आहेत का तुला? पेजिनेशनची किती मुलं आहेत आणि त्यांचं काम एका सेंट्रल हबला न्यायची कुजबुज चालू आहे का? असेलच. सगळीकडे आहे.

कोर्टाची_पायरी

कामगार न्यायालयात वकिली करते, पेपरवाल्यांच्या बऱ्याच केसेस केल्या आहेत. सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून घे, कागद बघितल्याशिवाय मी घरच्यांना पण सल्ला देत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आत्ताचा घोळ कळत नाही. पत्रकारांची देशपातळीवरची संघटना, इंडियन फेडरेशन ऑफ वर्किंग जर्नालिस्ट्स, २८ ऑक्टोबर १९५० ला दिल्लीत झाली, पहिले अध्यक्ष एम. चलपती राव, नॅशनल हेराल्डचे संपादक. म्हणजे चालू पेपरचा संपादक युनियनचा अध्यक्ष, आज कल्पना करून बघा. १९५२ ला न्या. राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली प्रेस कमिशन नेमलं गेलं, राव त्यात सदस्य होते, त्या अहवालातून १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा आला. चार आठवड्यांत १४४ तासांच्या वर काम नाही, वेज बोर्ड (पगार ठरवून देणारं सरकारी मंडळ), नोटीस, ग्रॅच्युइटी सगळं त्यातलं. पहिलं दिवाटिया वेज बोर्ड आलं आणि मालक सुप्रीम कोर्टात, म्हणे पगार ठरवून दिला तर वृत्तपत्र स्वातंत्र्यावर घाला. १९५८ ला कोर्टाने ती दलील फेटाळली, कायदा बहुतांश टिकला, पण पेपरची पैसे द्यायची ऐपत बोर्डाने विचारात घेतली नाही म्हणून बोर्डाचा निर्णय मात्र उडवला. मग त्याच वर्षी नवीन कायदा करून भांडारकर समिती. पुढे असेच पगाराचे निवाडे, अध्यक्षांच्या नावाने ओळखले जाणारे, शिंदे, पालेकर, बच्छावत, मणिसाना आणि शेवटचं मजिठिया.

मजिठिया ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झालं, ७ फेब्रुवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टाने कायम केलं, थकबाकी वर्षभरात चार हप्त्यांत द्या म्हणाले. आठ वर्ग, १००० कोटी उत्पन्नाच्या वर पहिला. आणि त्यात ते प्रसिद्ध २०(जे) कलम. ज्या कर्मचाऱ्याला जुना पगारच ठेवायचा असेल त्याने अधिसूचनेपासून तीन आठवड्यांत तसं लिहून द्यायचं. किती ठिकाणी लोकांकडून छापील फॉर्मवर सह्या घेतल्या त्याची गणतीच नाही, वकील म्हणून मी एकाच हस्ताक्षरात तारखा घातलेले गठ्ठेच्या गठ्ठे पाहिलेत. १९ जून २०१७ च्या निकालात कोर्टाने साफ केलं की २०(जे) चा आधार घेऊन वेज बोर्डापेक्षा कमी पगार देता येणार नाही आणि करारावरच्या लोकांनाही मजिठिया लागू आहे. पण अवमानाची कारवाई केली नाही, हक्काच्या रकमेसाठी १९५५ च्या कायद्याच्या कलम १७ खाली अर्ज करा म्हणाले. म्हणजे परत पहिल्या पायरीवर, एकेका माणसाचा एकेक अर्ज.

आता ताजं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवीन कायदे) लागू झालेत आणि १९५५ चा कायदा त्यात विरघळला. माझ्या हातातल्या जुन्या केसेस जुन्या कलमांवरच चालल्यात, पण पुढचं वेज बोर्ड कुठून येणार हा प्रश्नच आहे. संपाला १४ दिवसांची नोटीस आता सगळ्यांनाच लागते. वाटाघाटीसाठी ५१ टक्के सभासद असतील तर एकच मान्य युनियन, ४३ मध्ये २२ लागतील. ते हातात आहेत का आधी मोज.

रात्रपाळीवाला, तुझ्या करारावर येते. करारावरचा माणूस सभासद आणि पदाधिकारी होऊ शकतो, त्यात अडचण नाही. अडचण मार्चमध्ये आहे. पदाधिकाऱ्यांना संरक्षित कामगार म्हणून मान्यता घेता येते, एकूण कामगारांच्या १ टक्का पण कमीत कमी पाच, म्हणजे तुमच्याकडे पाच जण. वाद चालू असताना त्यांना परवानगीशिवाय काढता येत नाही. पण मालक म्हणणार आम्ही काढलंच नाही, करार संपला. हा युक्तिवाद ठरलेला आहे आणि त्याच्याशी लढायला वर्षं जातात.

म्हणून व्यवहारात काय करतात सांगू? तुमचे ते मशीनवाले काका रिटायर झाले म्हणालास ना, निवृत्त कर्मचारी युनियनमध्ये बाहेरचा धरला जात नाही, तो पदावर राहू शकतो. त्यांना अध्यक्ष करा, कायम नोकरीतला एखादा सरचिटणीस करा आणि तू कार्यकारिणीत राहून कागदाचं काम बघ. सहीला तुझं नाव नको, मसुदा तुझा.

अजून एक, तुला प्रमोशन देतील. उपमुख्य उपसंपादक वगैरे, वरती "पर्यवेक्षकीय" असा शब्द घालून. नवीन कोडमध्ये सुपरवायझरी काम आणि पगार १८,००० च्या वर गेला की माणूस कामगाराच्या व्याख्येबाहेर. पत्र हातात पडल्यावर आनंदात सही करू नको, फोटो काढ आणि आधी कोणाला तरी दाखव.

सोलापुरी_चटणी

वकीलताई, जबरदस्त लिहिलंत. पण तुम्ही सगळे ४३ मोजताय आणि त्यात आम्ही नाहीच. मी तालुका वार्ताहर, नऊ वर्षं झाली, बातमीला मानधन, तेही छापून आली तर, वरून दिवाळीत जाहिरातीचं टार्गेट. ओळखपत्र आहे, पगारपत्रक नाही. आमदार मला ताई म्हणून हाक मारतात आणि आमच्या ऑफिसच्या हजेरीपटावर माझं नाव नाही.

मी मागे तुमच्यासारख्याच एका युनियनच्या चिटणीसांना भेटले होते, म्हणाले तुम्ही पत्रकार संघात जा. अहो पत्रकार संघात आहेच की मी, दर ६ जानेवारीला दर्पण दिन करतो, शाल श्रीफळ घेतो, घरी तीन शाली आहेत. पण पत्रकार संघ आणि युनियन हे वेगळं आहे हे निम्म्या पत्रकारांनाच माहीत नाही, संघ सत्कार करतो, पगाराचं भांडण संघ करत नाही.

दादा, तुम्ही पद घ्या नाहीतर घेऊ नका, पण घेतलंत तर आधी आमची यादी करा. किती वार्ताहर आहेत हे तुमच्या मॅनेजरला पण नीट माहीत नसेल, पैजेवर सांगते.

जर्सीकर

इथे अमेरिकेत एका वृत्तसंस्थेच्या आयटीमध्ये आहे, गिल्डचा, म्हणजे इथल्या युनियनचा, सभासद आहे म्हणून थोडं इकडचं.

इथल्या पत्रकारांच्या युनियनची सुरुवातच एका स्तंभलेखकाने केली, हेवूड ब्राउन. ऑगस्ट १९३३ मध्ये न्यूयॉर्क वर्ल्ड-टेलिग्राममधल्या आपल्या कॉलममध्येच त्याने लिहिलं की बातमीदारांची युनियन पाहिजे, त्याला स्वतःला भरपूर पगार होता तरी. डिसेंबरमध्ये अमेरिकन न्यूजपेपर गिल्ड झालं आणि तो मरेपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, अध्यक्ष राहिला. पान_तीन यांनी जे लिहिलं ते त्यालाही चुकलं नाही, १९३९ मध्येच वर्ल्ड-टेलिग्रामने त्याचा करार पुढे नेला नाही. एवढ्या मोठ्या नावाचा!

आणि वकीलताईंनी १९५८ चं सांगितलं ते वाचून हसूच आलं, कारण इथे पण तीच दलील. असोसिएटेड प्रेसने मॉरिस वॉटसन नावाच्या गिल्डवाल्या पत्रकाराला १९३५ ला काढलं, म्हणाले आम्हाला कामगार कायदा लावणं हा प्रेसच्या स्वातंत्र्यावर घाला. १९३७ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने फेटाळलं. मालक कुठलाही असो, पगार मागितला की त्याला स्वातंत्र्य आठवतं.

सगळं छान चाललंय असं नाही इथे पण. पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेटवाल्यांचा संप ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला तो तीन वर्षांहून जास्त चालला. मधल्या काळात संपकऱ्यांनी स्वतःचा वेगळा ऑनलाइन पेपर चालवला, ती आयडिया मला आवडली.

पान_तीन

जर्सीकर, ब्राउन ठीक आहे हो, त्याला दुसऱ्या पेपरने घेतलं असणार. आमच्या जिल्ह्यात पेपर चार, चारही मालक एकाच क्लबात रमी खेळतात. एकाकडे युनियन केली की बाकी तिघांकडे दार बंद. हे कुठल्या कोडमध्ये लिहिलंय?

जुना_खिळा काका, तुमच्या फोरमनचं वाचून मात्र जरा वेळ गप्प बसलो. तुम्ही त्यांच्याकडे गेलात का नंतर कधी?

जुना_खिळा

गेलो. २००३ ला, मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला. त्याने चहा मागवला, मजकूर वाचला, "चि. सौ. कां." मधला एक टिंब राहिला होता तो दाखवला आणि पैसे पूर्ण घेतले, एक रुपया कमी केला नाही. बरं वाटलं मला. फुकट करून दिलं असतं तर मेलोच असतो.

रात्रपाळीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लोक लिहितील असं वाटलं नव्हतं. उशीर झाला कारण काल पाऊस, दोनदा पान बदललं.

तर अपडेट असा. जुना_खिळा काकांनी विचारलं ते मला खरंच सांगता आलं नाही, २९ पैकी अकराच नावं आली. मग काल पान सोडल्यावर घरी न जाता खाली डिस्पॅचला गेलो, तिथे गठ्ठे बांधणारी पाच मुलं आहेत आणि ती पाचही आमची नाहीतच, ठेकेदाराची आहेत, म्हणजे ४३ हा आकडाच चुकलेला. त्यातला एक मला विचारतो की तुम्ही वरचे का, एसी बंद पडला का. अकरा वर्षांत मी खाली बहुतेक एसीसाठीच गेलो असणार.

पेजिनेशनची सहा मुलं आहेत आणि हो, हबची कुजबुज आहे, काका, तुम्ही अंतर्यामी आहात.

वकीलताई, तुमच्या सल्ल्याप्रमाणे मशीनवाल्या काकांना फोन केला, अध्यक्ष व्हा म्हणालो. ते म्हणाले मला वाटलं सुटलो. पण हो म्हणाले. सरचिटणीस जाहिरात विभागातल्या एक मॅडम होतायत, कायम आहेत, निवृत्तीला सहा वर्षं आहेत आणि कोणाला घाबरत नाहीत, मॅनेजरच त्यांना घाबरतो. मी खजिनदार. बायकोला सांगितलं खजिनदार म्हणजे नुसतं वर्गणी गोळा करणं, ती म्हणाली आधी घरचा हिशेब ठेव.

चटणीताई, यादीचं काम सुरू केलंय, तीन तालुके झाले, आत्ताच १९ वार्ताहर निघालेत. बाकीचं पुढच्या आठवड्यात.

पहिली वर्गणी आज मिळाली, मशीनवरच्या एकाने २० रुपये दिले आणि पावती मागितली. माझ्याकडे पावतीपुस्तकच नव्हतं, रात्री दीड वाजता न्यूजप्रिंटच्या तुकड्यावर लिहून दिली.

कोर्टाची_पायरी

ती पावती परत घे आणि उद्या छापील पुस्तकातली दे. अनुक्रमांक घातलेलं, कार्बन असलेलं. आणि त्या फोरमनच्या दुकानासारखं तुमच्या गावात कोणी असेल तर तिथूनच छापून घे.